पूल झाला तर आपलं बेट बेट राहील का?

धक्क्यावरचा
मंडळी, पुलाची चर्चा परत सुरू झालीये आणि आमच्या घरातच दोन तट पडलेत. पूल नकोच असं माझं म्हणणं नाही, रात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं आणि समुद्र खवळलेला असला की बोट निघत नाही हे सगळ्यांनाच माहितीये. पण शेवटची बोट गेली की गाव कसं फक्त आपलं असतं, गावाची ती ओळखच गेली तर काय? जिथे पूल झालाय तिथे पुढे काय झालं कुणी वाचलंय का?

खारावारा
स्कॉटलंडचं स्काय बेट बघा. १९९५ ला पूल झाला, तिथली फेरी बंद केली आणि पुलावर टोल बसवला, म्हणजे बहुतेकांना दुसरा सोयीचा रस्ताच नाही!! बऱ्याच जणांनी टोल भरायला नकार दिला, खटले झाले, शेवटी डिसेंबर २००४ मध्ये टोल काढला. तेव्हा पूल हवा की नको यापेक्षा बोट चालू राहणार का आणि पैसे कोण घेणार, हे आधी लेखी घ्या. नंतर कोणी विचारत नाही.

भरतीओहोटी
ओळख ओळख काय लावलंय? शाळा संपली की पोरं बाहेर जातात ती सुट्टीपुरती येतात, वर्गात मुलंच नसली तर ओळख काय म्युझियममध्ये ठेवायची? अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर १८९८ पासून मोटारगाड्यांना बंदी आहे, घोडागाडी आणि सायकल, फोटो मस्त येतात. पण हिवाळ्यात तिथे थोडकीच माणसं उरतात. मग ते गाव कुणासाठी टिकवलं, राहणाऱ्यांसाठी की बघायला येणाऱ्यांसाठी? (मी पुलाच्या बाजूने आहे हे कळलंच असेल.)

माडाखाली
@भरतीओहोटी ताई, पोरं पूल नाही म्हणून जात नाहीत हो, काम नाही आणि राहायला घर परवडत नाही म्हणून जातात. पूल झाला की जागेचे भाव अजून वर जाणार, मग तीच पोरं परत कुठे येणार? मुद्दा जमीन कुणाच्या हातात आहे हा आहे. एग नावाचं छोटंसं बेट आहे, तेही स्कॉटलंडमध्येच, तिथल्या लोकांनी काउन्सिल आणि एका वन्यजीव संस्थेला बरोबर घेऊन १९९७ मध्ये बेटच विकत घेतलं, २००८ मध्ये पाणी, वारा आणि ऊन यावर स्वतःची वीज चालू केली, प्रत्येक घराला एका वेळी जास्तीत जास्त ५ किलोवॅट. पूल अजून नाहीये.

खारावारा
हे सगळं छान, पण गावाने ठरवलं म्हणजे झालं असं नसतं. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात 'की वेस्ट' नावाचं बेट आहे, तिथल्या लोकांनी २०२० ला मतदान करून मोठ्या क्रूझ जहाजांवर मर्यादा आणली आणि पुढच्याच वर्षी फ्लोरिडा राज्याने कायदा करून ती उडवली. जेटी आपली, निर्णय वरचा.

भरतीओहोटी
माडाखाली, वीज ठीक आहे, पण रात्री पेशंटला काय त्या विजेवर नेणार? त्याचं उत्तर कुणीच देत नाहीये.

धक्क्यावरचा
ताईंचा मुद्दा बरोबर आहे, तोच आधी सोडवायला हवा आणि त्यासाठी पूल होईपर्यंत थांबायला नको. पुढच्या मीटिंगला मी दोन गोष्टी मांडतो: रात्री तयार राहील अशी अँब्युलन्स बोट, आणि पूल झालाच तरी फेरी बंद करायची नाही. घरांच्या आणि जागेच्या भावाचं @माडाखाली तुम्ही बोलाल का? मला त्यातलं फार कळत नाही.