जीव जडलेली गिटार: तुमचाही अनुभव लिहा

जुनी_तार
काल गिटारच्या सहाही तारा एकदम उतरवल्या. एरवी मी एक काढते, एक चढवते, पण फ्रेटबोर्डला, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या फ्रेट बसवलेल्या लाकडी पट्टीला, तेल द्यायचं होतं. उघडा फ्रेटबोर्ड उजेडात धरला आणि ही गिटार घरी आली ते दिवस आठवले.

सेकंडहँड घेतलेली. आधीचा मालक कोण, विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं. केसमध्ये नाव नाही, चिठ्ठी नाही. पण तो माणूस काय वाजवायचा ते फ्रेटवर उमटलेलं होतं. स्टीलच्या तारेनं फ्रेटचा धातू झिजतो, तारेखाली बारीक खाच पडते, हे वाजवणाऱ्यांना ठाऊक आहेच. या गिटारवर दुसऱ्या तारेखाली पहिल्या फ्रेटला खोल खाच होती: सी आणि ए मायनर हे कॉर्ड. पहिल्या तारेखाली तिसऱ्या फ्रेटला तेवढीच खोल: जी. सहाव्या तारेखाली पहिला फ्रेट मात्र कोरा करकरीत, म्हणजे बार धरून (एकच बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून) एफ वाजवलेलाच नसणार. पाचव्या फ्रेटच्या पुढे सगळं नवंकोरं. अपवाद एकच. सातवा फ्रेट, दुसरी तार. तिथं एकच खाच, आजूबाजूला काही नाही.

पुढे पहिल्या तीन फ्रेटवर सूर फाटायला लागला. दुरुस्ती करणारे म्हणाले, सगळेच बदलून टाकू. मी म्हटलं, हे तीन बदला, बाकीच्यांना हात लावू नका. काढलेले तीन तुकडे केसच्या कप्प्यात जपून ठेवलेत. सातव्या फ्रेटवरची ती खाच अजून तशीच आहे. बोट तिथं गेलं की मला त्या माणसाची आठवण येते, ज्याला मी कधी पाहिलेलंच नाही.

तुमच्या गिटारचं काय? महाग-स्वस्त, नवी-जुनी, काहीही चालेल. जिच्यावर जीव आहे तिच्याबद्दल लिहा.

मंद्र
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो. लेख फार आवडला.

डावखुरी
माझी गिटार उलटी आहे. म्हणजे उजव्या हाताची, तारा उलट क्रमानं लावलेल्या. शिकवणारे सर म्हणाले होते की उजव्यानंच शिक, पुढे सोपं जातं. बाबांनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन नट (मानेच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी) काढून उलटा बसवला. जाड तारांच्या खाचा रुंद असतात ना, त्यामुळे नट न फिरवता भागत नाही. एवढं केलं तरी सॅडल (दुसऱ्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) तिरकंच राहतं, आणि तेही चुकीच्या बाजूला. खर्जाच्या तारेची लांबी किंचित कमी पडते आणि वरच्या फ्रेटवर ती चढी लागते. म्हणून मी खर्ज वर नेतच नाही, खालीच ठेवते, आणि चाल बारीक तारांवर घेते. लोक विचारतात, ही तुझी स्टाइल कुठून आली? त्या सॅडलमधून आली!

आता खास डाव्या हाताची गिटारही आहे घरात, सगळे सूर जागच्या जागी. मनापासून वाजवायचं असलं की हात उलटीकडेच जातो.

रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची गिटार फिरवून तारा बदलून घ्यायचा. लोकसंगीत वाजवणाऱ्या एलिझाबेथ कॉटन तर तारासुद्धा बदलायच्या नाहीत, तशीच उलटी धरायच्या. त्यामुळे खर्ज बोटांनी आणि चाल अंगठ्यानं. नुसतं ऐकताना कळत नाही, हात बघितले की थक्क व्हायला होतं.

सिंगलकॉइल
डावखुरी, बाबांना नमस्कार सांगा __/\__

डावखुरी
सांगते 🙂 ते शेजारीच बसलेत.

खर्ज
माझीची मान मोडलेली आहे. कार्यक्रम संपल्यावर स्टँडवर ठेवली होती, आवराआवरीच्या गर्दीत कुणाचा तरी पाय केबलमध्ये अडकला आणि गिटार तोंडावर आपटली. हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या असलेलं टोक, तारांना धरून लोंबत होता. या जातीच्या गिटारचा हेडस्टॉक मागे कललेला असतो, गिब्सनच्या बऱ्याच मॉडेलांत 17 अंशांपर्यंत. त्यात मान सरळ ठेवणाऱ्या ट्रस रॉडसाठी लाकूड पोखरलेलं, आणि तेही नेमकं तिथंच. पडली की तिथं तुटणारच.

सगळे म्हणाले नवी घे. दुरुस्तीवाल्या काकांनी मात्र तुटलेल्या दोन्ही बाजू दाताला दात जुळवून बघितल्या आणि म्हणाले, "एकही कपची हरवलेली नाही, जुळेल." सरस भरला, क्लॅम्प आवळले, दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू दिला नाही. चांगला जुळलेला सांधा मूळ लाकडाहून कच्चा नसतो, हे त्यांनी तेव्हा सांगितलं आणि इतक्या वर्षांत ते खरंही ठरलंय. पाठीमागे एक बारीक रेघ दिसते. अंगठ्याला लागत नाही, डोळ्यांना दिसते. ती रंगवून झाकू का, असं त्यांनी विचारलं होतं. नको म्हटलं.

नायलॉन
@खर्ज, वाचतानाच पोटात गोळा आला.

माझी क्लासिकल, सीडरची. हिवाळ्यात हवा कोरडी पडली आणि एका पहाटे खोलीत टक्क आवाज आला. सकाळी बघते तर तारा बांधतात त्या ब्रिजपासून खालपर्यंत बारीक चीर. लाकूड पाणी सोडतं आणि आडवं आकसतं, कडा चिकटवलेल्या असतात, मग मधे फाटतं. आता केसमध्ये आर्द्रतामापक ठेवलाय, 45 ते 55 टक्क्यांच्या मधे काटा असला की मी निश्चिंत. चिरेच्या आतून छोट्या लाकडी पट्ट्या लावून घेतल्या आहेत. भोकातून आरसा घालून बघितलं की एका रांगेत दिसतात.

नायलॉनच्या तारांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. आधी या गिटारींना आतड्याच्या तारा असायच्या. दुसऱ्या महायुद्धात आतड्याचा धागा शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागायला लागला आणि तारा मिळेनात. तेव्हा अल्बर्ट ऑगस्टीन या गिटार बनवणाऱ्यानं नायलॉन वापरून बघितला, आणि नामवंत क्लासिकल गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियानं त्या तारा उचलून धरल्या. आज आम्ही सगळे त्यावरच वाजवतो. नवा संच चढवला की दोन-चार दिवस सतत उतरत राहतो, त्या दिवसांत मी रियाज कमी आणि खुंट्या जास्त पिळते.

घाईत
बाळ झोपलंय म्हणून पटकन. गिटारला नाव ठेवलंय का कुणी? माझी "थोरली". बाळ धाकटं. घरात आता हेच चालतं.

सिंगलकॉइल
थोरली 😄 फार गोड.
नावावरून ल्युसिल आठवली. 1949 साली आर्कान्सामधल्या ट्विस्ट गावी ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग वाजवत असताना दोन माणसांची मारामारी झाली. ऊब यावी म्हणून पेटवलेला रॉकेलचा पिंप उलटला आणि हॉल पेटला. बाहेर पडलेला किंग गिटार आणायला परत आत धावला. भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून होतं असं नंतर कळलं, म्हणून त्यानं गिटारचं नाव तेच ठेवलं. पुन्हा असा वेडेपणा करायचा नाही, याची स्वतःला आठवण म्हणून. पुढच्या सगळ्या गिटारीही ल्युसिलच.

घाईत
बापरे, हे माहीत नव्हतं. उठलं बाळ. येते.

मंद्र
आलो. माझी गिटार मांडीवर आडवी असते. काकांची होती, त्यांनी नट उंच करून घेतलेला, तारा फ्रेटपासून बऱ्याच वर. फ्रेट निव्वळ खुणा, दाबायचं काहीच नाही, स्टीलचा बार फिरवायचा. ब्रिजभूषण काब्रांनी याच वाद्यावर रागसंगीत उभं केलं. विश्वमोहन भट्टांनी पुढे तरफेच्या (आपोआप घुमणाऱ्या) तारा घालून मोहन वीणा केली आणि 1994 मध्ये ग्रॅमी मिळाला तेव्हा आमच्या घरी काकांचा आनंद गगनात मावत नव्हता.

काका मला सूर दाखवत नसत, सुरापर्यंतची वाट दाखवत. गंधारावरून मध्यमावर जाताना बार किती सावकाश सरकतो, त्यातच सगळं आहे म्हणायचे. त्यांचा बार माझ्याकडे आहे. जड आहे, त्यांच्या अंगठ्याच्या जागी पॉलिश उडून मंद झालेला. मी त्याला कधीच चकाकी देत नाही.

आणि हो, @जुनी_तार, तुमच्या खाचेवर दिवसभर विचार केला. दुसरी तार, सातवा फ्रेट म्हणजे एफ शार्प. डी ला षड्ज धरला तर शुद्ध गंधार. चौथी तार मोकळी सोडली की डी आपोआप मिळतो. तुमचा माणूस मोकळ्या तारेवर षड्ज घुमवत वर गंधारावर येऊन थांबत असणार. बोट हलवत असेल, म्हणून एवढी खोल.

जुनी_तार
मंद्र दादा, अंगावर काटा आला. आत्ता वाजवून बघितलं. तसंच लागतंय.

सुताराची_लेक
माझ्या वडिलांनी गिटार बनवली. फर्निचर बनवायचे, वाद्य आयुष्यात कधी केलं नव्हतं. मला हवी होती म्हणून. क्वीन बँडच्या ब्रायन मेनं वडिलांबरोबर 1963 मध्ये घरीच गिटार बनवायला घेतली होती आणि तिच्या नेकसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरलं होतं, हे मी त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, त्यांना जमतं तर आपल्यालाही जमेल.

फ्रेट कुठे बसवायचे यावर ते किती तरी रात्री बसले. नियम साधा आहे: तारेच्या लांबीला 17.817 नं भागायचं, पहिला फ्रेट मिळतो. उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानंच भागायचं, दुसरा. असं करत करत बारावा बरोबर मध्यावर यायला हवा. 650 मिलिमीटरची लांबी धरली होती, म्हणजे पहिला साधारण 36.5 वर. त्यांनी सगळे आकडे पेन्सिलीनं कागदावर काढले, बारावा 325 वर आला तेव्हा मला झोपेतून उठवून दाखवला. तो कागद त्यांनी गिटारच्या आत, पाठीला चिकटवून टाकला. भोकातून अजून दिसतो. आवाज थोडा बंद आहे, वरची फळी त्यांनी जाडसर ठेवली, तुटू नये म्हणून. मी हिच्यावरच वाजवते आणि हिच्यावरच वाजवणार.

खर्ज
सुताराची_लेक, कागदाचा फोटो टाका ना.

सुताराची_लेक
टाकते, मोबाइल भोकात नीट जात नाही, आरसा लावून बघते.

रात्रपाळी
ड्युटीवरून आलो की घरातले सगळे झोपलेले. इलेक्ट्रिक काढतो, अॅम्पला न जोडता. भरीव बॉडी असल्यानं आवाज फक्त मला, त्यातही कान बॉडीच्या वरच्या कडेला टेकवला तर हाडातून येतो. लोक पिकअपवर (तारांची कंपनं टिपून अॅम्पला देणारा भाग) वाद घालतात, माझ्या गिटारचा मला आवडणारा आवाज पिकअपमधून कधी गेलाच नाही.

सहा_बोटं_पुरे
डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका ताठरली आहेत. सांधे. डॉक्टर म्हणाले वाजवणं सोडू नका, ताण कमी करा. म्हणून तारेच्या 25.5 इंचाच्या लांबीवरून 24.75 वर आले आणि 12 च्या जाड तारांऐवजी 10 च्या बारीक. तेवढ्यानं किती फरक पडतो ते दुखऱ्या बोटांनाच कळतं. आधीची मोठी गिटार विकली नाही, भाची वाजवते. तिला बार एफ स्वच्छ लागला त्या दिवशी मी रडले.

जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची हीच दोन बोटं 1928 च्या आगीत निकामी झाली होती. तो उरलेल्या दोन बोटांनी सोलो वाजवायचा. त्याच्या रेकॉर्ड लावून मी व्यायाम करते.

नायलॉन
ताई, तुमच्या भाचीला खूप प्रेम. आणि तुम्हालाही.

नवशिका_बाप
अवांतर विचारतो, माफ करा. लेकीला, वय 8, गिटार घ्यायचीय. स्टीलची घेऊ की नायलॉनची? बोटं दुखतात म्हणून सोडून देईल अशी भीती वाटते.

नायलॉन
नायलॉन. ताण निम्म्याच्या आसपास असतो. आणि पूर्ण मापाची नको, अर्ध्या किंवा पाऊण मापाची बघा. बसून धरली की उजवा खांदा वर उचलला जात नाही, ते माप बरोबर.

डावखुरी
आधी ती कुठल्या हातानं झाडू धरते ते बघा!! वरचा हात कुठला ते. मग घ्या.

नवशिका_बाप
आत्ताच धरायला लावला. डावा वर आहे. आता?

डावखुरी
मग तिला दोन्ही बाजूंनी धरून बघू दे, घाई करू नका. डावीच निघाली तर सरळ डाव्या हाताची घ्या, नट-सॅडल सगळं त्या बाजूचं असलेली. मला निरोप करा, मापं सांगते.