आजारी, अशक्त मांजराची शुश्रूषा घरीच करावी का?

कातळवाट (देवगड)

आमची मांजरी चौदा वर्षांची आहे. फेब्रुवारीत तिचे रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ घटक) ४.३ निघाले. मूत्रपिंडांचे सुमारे तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत हा आकडा सहसा वर चढत नाही, त्यामुळे आम्हाला कळले तेव्हाच बराच उशीर झालेला होता. पूर्वी ती चार किलो भरत असे. आता आंब्याच्या पेट्या मोजण्याच्या काट्यावर ठेवली तर २ किलो ६०० ग्रॅम भरते.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तिला आठवड्यातून दोनदा सलाइनसाठी आणायला सांगितले होते. फोंडा घाटातून येऊन-जाऊन अख्खा दिवस जातो. टोपलीत ती घाबरून तोंडाने धापा टाकत असे, आणि तिसऱ्या फेरीनंतर तिने दीड दिवस अन्नाला तोंड लावले नाही. तेव्हा मी डॉक्टरांना विनंती केली की हे काम मलाच शिकवा, आणि त्यांनी शिकवलेही. रिंगर लॅक्टेटची, म्हणजे त्या सलाइनची, पिशवी कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उबेइतकी गरम करायची, दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीने तंबूसारखी उचलायची, त्या पोकळीत सुई सरकवायची आणि १०० मिली हळूहळू सोडायचे. तिथे उशीसारखा फुगवटा येतो, तो पुढच्या पायाकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते. आता ती माझ्या मांडीवर शांत बसून राहते.

माझे मत असे आहे की निदान एकदा पक्के झाले, आजार बरा होणारा नाही हे समजले, की दुबळ्या मांजराला तिच्या ओळखीच्या माजघरातच ठेवावे आणि शुश्रूषा घरच्यांनी शिकून घ्यावी. पावसाळ्यात आपल्याकडे हे काम अधिक कठीण होते हे मला ठाऊक आहे. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असल्यामुळे ताजा बांगडा मिळत नाही, आणि सुकट मिठामुळे अशा मांजराला देता येत नाही. मी बिनमिठाची उकडलेली कोंबडी बारीक करून तिच्याच पाण्यात कालवते. त्यात कांदा-लसूण अजिबात नसतो, कारण त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. ओल्या हवेत अंग गार पडते म्हणून चुलीच्या कडेला गोणपाटावर जुनी गोधडी घातली आहे. शेपटीखालचा भाग रोज कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करावा लागतो, नाहीतर माश्या बसतात आणि दोन दिवसांत अळ्या पडतात.

इतरांना काय वाटते ते जाणून घ्यायचे आहे. विरोधी मतही मोकळेपणाने लिहावे.

सागरवेळ (रत्नागिरी)

ताई, तुमच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, पण तुमचे मत मला धोकादायक वाटते. तुम्ही डॉक्टरांकडून शिकलात. वाचणारे दहा जण मात्र 'घरी करावे' एवढेच लक्षात ठेवतील.

आमच्या घरात हेच घडले. बोका मलूल झाला, अंग गरम लागले, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांनी माणसांची तापाची अर्धी गोळी दुधातून दिली. ती पॅरासिटामॉल होती. हे औषध निकामी करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते, त्यामुळे रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा घटकच बिघडतो. संध्याकाळपर्यंत त्याच्या हिरड्या मातकट तपकिरी झाल्या, तोंड आणि पंजे सुजले. रात्री तो गेला. कोणाच्याही मनात वाईट नव्हते. सगळे त्याची सेवाच करत होते.

दुसरी गोष्ट अशी की अशक्तपणा हे लक्षण आहे, आजाराचे नाव नव्हे. बोका वारंवार मातीत जाऊन कुंथत असेल तर घरचे त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल देतात, आणि प्रत्यक्षात त्याची लघवी अडलेली असते. त्या आजारात दोन-तीन दिवसांत जीव जातो. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि मूळ दुखणे बाजूला राहून यकृतच निकामी होऊ लागते. अंगाने भरलेल्या मांजरात तर हे अधिकच. आपल्याकडे मात्र 'दोन दिवस लंघन पडले की बरे वाटेल' असे म्हणतात. माणसाचा नियम मांजराला लावणे हीच घरच्या शुश्रूषेतली मोठी चूक आहे.

अंबा घाट चढून जावे लागले तरी जावे. निदान जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तरी न्यावे. तिथे गाई-म्हशींचे काम अधिक असते हे खरे, पण ताप, हिरड्या आणि पोट तपासून दिशा सांगणारा जाणकार माणूस तिथे असतो.

काजूबन (वेंगुर्ले)

मला दोन्ही मते पटत नाहीत. पूर्वी मांजर म्हातारे झाले की काजूच्या बागेत किंवा मांगरात (शेतातल्या खोपटात) निघून जाई आणि शांतपणे देह ठेवी. सुया टोचून त्याचे दिवस वाढवण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

पाणंद (गुहागर)

वरच्या प्रतिसादातील 'शांतपणे' हा शब्द मला मान्य नाही. दुबळे झालेले मांजर लपते, कारण त्या अवस्थेत त्याला कोणीही सहज मारू शकते. मांगरात त्याला तहान लागते, मुंग्या लागतात, आणि आपण बघत नाही एवढ्यावरून ते शांत होते असे आपण ठरवतो. प्राण्यांचा छळ रोखणारा १९६० चा कायदाही सांगतो की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याला अनावश्यक वेदना होऊ नयेत म्हणून शक्य ती काळजी घेतली पाहिजे.

पण माझा खरा मतभेद धागालेखिकेशी आहे. तुम्ही सलाइन, आहार, ऊब हे सगळे लिहिलेत; थांबायचे कधी हे कुठेच लिहिले नाही. मूत्रपिंडाच्या आजाराच्या शेवटी तोंडात व्रण पडतात, श्वासाला उग्र वास येतो, मळमळ सतत राहते. मांजराला भूक असते, ते ताटलीपाशी येते, हुंगते आणि मान फिरवते. रक्तदाब वाढून एखाद्या सकाळी त्याला दिसेनासेही होते. अशा वेळी ते मांडीवर घुरघुरले तर आपण म्हणतो की त्याला बरे वाटते आहे. परंतु मांजर वेदनेतही घुरघुरते. माझ्या मांजराला मी शेवटचे नऊ दिवस सिरिंजने भरवले. त्यातले चार दिवस ते दात आवळून धरत होते. डॉक्टरांनी इंजेक्शनचा विचार करा असे सुचवले होते, आणि मी 'आमच्या घरात हे पाप होणार नाही' असे उत्तर दिले होते. ते चार दिवस मी माझ्यासाठी घेतले, त्याच्यासाठी नाही. आज चार वर्षांनंतरही मला ते आवळलेले दात आठवतात.

म्हणून माझे म्हणणे असे की घरची शुश्रूषा सुरू करतानाच डॉक्टरांच्या हातून दयामरण देण्याची तयारी मनात ठेवावी. ज्याला ती तयारी ठेवता येत नाही त्याने शुश्रूषेची जबाबदारी घेऊ नये.

कातळवाट (देवगड)

सागरवेळ, तुमच्या बोक्याबद्दल वाचून फार वाईट वाटले. 'निदान पक्के झाल्यावर' ही माझी अट मी एकाच वाक्यात उरकली, ती ठळकपणे मांडायला हवी होती. रक्त तपासल्याशिवाय आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घरात एकही गोळी देऊ नये, दुधातून तर मुळीच नाही. मोठ्या मांजराला दूध बहुधा पचतही नाही. तरीही 'घाट चढून जावे' हे प्रत्येक वेळी लागू पडत नाही. निदानासाठी जावे; पण बरे न होणाऱ्या आजारात दर तीन दिवसांनी तिला त्या टोपलीत कोंबणे हीसुद्धा वेदनाच आहे, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

काजूबन, आमच्या आजीचेही मत तुमच्यासारखेच होते. पण चौदा वर्षे माझ्या हातून खाल्लेल्या जिवाला शेवटी मांगरात जाऊ देणे मला जमणार नाही.

पाणंद, तुमचा प्रतिसाद मी रात्री दोनदा वाचला. शेवटचे वाक्य मला मान्य नाही, कारण तयारी हळूहळूही होते, माझीही तशीच होत आहे. बाकी सगळे मान्य आहे. आज सकाळी मी डॉक्टरांना फोन करून तोच प्रश्न विचारला, जो चार महिने टाळत होते. आम्ही मिळून काही गोष्टी ठरवल्या आणि मी त्या दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवल्या. झोपेत मिनिटाला तीसपेक्षा जास्त श्वास मोजले गेले किंवा आधीचा फुगवटा जिरलाच नाही, तर सलाइन द्यायचे नाही आणि लगेच फोन करायचा. सिरिंजने भरवताना ती गिळत नसेल किंवा मान टाकून पडली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, कारण ते फुप्फुसात जाते. आणि सलग दोन दिवस तिने स्वतःहून खाल्ले नाही, अंग चाटले नाही, पडवीच्या उंबऱ्यापर्यंतही आली नाही, तर डॉक्टर कणकवलीपर्यंत येतील आणि मी तिला तिथवर घेऊन जाईन. हे लिहिताना माझ्या मुलीने मला विचारले की मग तिला उचलून कोण धरणार. मी धरणार आहे.

आजचे वजन २ किलो ५८० ग्रॅम. सकाळी तिने दोन चमचे कोंबडी खाल्ली आणि उंबऱ्यावर येऊन पाऊस बघत बसली.

सागरवेळ (रत्नागिरी)

दिनदर्शिकेच्या मागे जे लिहिले आहे ते कृपया मुख्य धाग्यात सर्वांत वर टाकावे. माझा विरोध त्या भागाला नाही. तिचे श्वास रात्री मोजता का? आमच्याकडे वीज जाते तेव्हा छातीऐवजी पोटाच्या कडेला हलका हात ठेवून मोजणे सोपे जाते.