अंकाची फाइल सापडत नाहीये (तातडीचं)

प्रेषक: अंक समिती, संपादन

नमस्कार मंडळी,

कालची फाइल सापडत नाहीये. कविता विभाग आणि दोन्ही मोठे लेख रात्री बसून तपासून संपवले होते, सव्वाचार तास गेले त्यात. सेव्ह केलं नसेल असं कृपया कोणी म्हणू नका, मी दर परिच्छेदाला कंट्रोल-एस दाबते. सकाळी डॉक्युमेंट्स उघडलं तर तिथे रविवारची प्रत. डेस्कटॉप पाहिला, डाउनलोड्स पाहिलं, नावाने शोधलं. तीच जुनी समोर येते. मांडणीला शुक्रवारी द्यायची आहे आणि कवींना तर मी दुरुस्त्या झाल्याचं कळवूनही टाकलं आहे. कोणाला काही सुचतंय का?

प्रेषक: संकेतस्थळ समिती

ताई, एक सांगा. फाइल मेलमधल्या जोडपत्रावर क्लिक करून थेट उघडली होती का? तसं असेल तर ती गेलेली नाही, भलत्या जागी आहे. मेलचा प्रोग्रॅम जोडपत्राची एक प्रत लपवलेल्या तात्पुरत्या फोल्डरात उतरवतो आणि तीच उघडून देतो. रात्रभरचं सगळं कंट्रोल-एस त्या प्रतीवर झालं असणार. मेलमधलं जोडपत्र आहे तसंच, डॉक्युमेंट्समधली फाइलही आहे तशीच.

आत्ता संगणकाची साफसफाई करणारं काहीही चालवू नका. विंडोजमधलं ‘स्टोरेज सेन्स’ चालू असेल तर आधी ते बंद करा, कारण तात्पुरत्या फायली काढून टाकणं हेच त्याचं काम. मग वर्ड उघडा, फाइल मेनूतली ‘रीसेंट’ यादी बघा. कालच्या फाइलच्या नावाखाली बारीक अक्षरांत तिचा पत्ता असतो. उघडली तर एक अक्षरही न टंकता ‘सेव्ह ॲज’ करून डॉक्युमेंट्समध्ये नव्या नावाने ठेवा. आणि मला कळवा, मी जागा आहे.

प्रेषक: खजिनदार

मागच्या बैठकीत मी हेच सांगितलं होतं, इतिवृत्तात आहे. मंडळाचं काम मंडळाच्या सामायिक खात्यात. मी हिशेब तिथेच ठेवतो, आजवर एक आकडा हरवलेला नाही. अंक समिती मात्र प्रत्येकाच्या लॅपटॉपवर काम करते आणि मेलने फायली फिरवते. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, असती तर हा प्रश्नच आला नसता.

प्रेषक: अंक समिती, संपादन

सापडली! ॲपडेटाच्या आत कुठेतरी, मला उच्चारताही येणार नाही अशा नावाच्या फोल्डरात. सगळे बदल आहेत. डॉक्युमेंट्समध्ये ठेवली, भावाला मेल केली, अजून हात थरथरताहेत. संकेतस्थळवाल्या दादा, मनापासून आभार.

खजिनदार साहेब, सामायिक खात्याचा पासवर्ड मी दोनदा मागितला. ‘काकांकडे आहे’ एवढंच उत्तर आलं. आणि गेल्या अंकाची चित्रं त्याच सामायिक फोल्डरातून नाहीशी झाली, हे मी विसरलेले नाही.

प्रेषक: ग्रंथालय विभाग

सापडली हे वाचून बरं वाटलं. मी पेन ड्राइव्हबद्दल लिहिते, कारण आता कोणीतरी ‘पेन ड्राइव्हवर ठेवा’ म्हणणारच.

वडिलांच्या कवितांच्या तीन वह्या होत्या. मी त्या स्कॅन केल्या, पेन ड्राइव्हवर भरल्या आणि ड्राइव्ह कपाटात ठेवला. वह्या नंतर घर बदलताना गेल्या. सात वर्षांनी ड्राइव्ह लावला तर फायलींची नावं दिसत होती, पण निम्म्याच्या वर पानं उघडेनात. डेटा परत मिळवून देणाऱ्याने समजावलं की या ड्राइव्हमध्ये अक्षरं म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेला विद्युतभार असतो, वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिला की तो झिरपत जातो. हस्ताक्षरातल्या एकशे दहा पानांपैकी माझ्याकडे एकेचाळीस उरली. त्यातली शेवटची कविता अर्धी आहे. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, पण एकमेव प्रत त्यावर कोणीही ठेवू नका.

प्रेषक: क्रीडा विभाग

वहिनी, वाचून वाईट वाटलं. पण पेन ड्राइव्हला सरसकट नावं ठेवू नयेत. बरेचदा आपणच तो ‘इजेक्ट’ न करता ओढून काढतो. लिहायचं राहिलेलं मेमरीतच राहतं आणि फाइल तुटते. शिवाय दुकानातून आणलेला ड्राइव्ह बहुधा फॅट-३२ पद्धतीने आखलेला असतो, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. स्पर्धेच्या चित्रफितीच्या वेळी आपण तासभर ड्राइव्ह खराब म्हणत होतो, आठवतंय ना? एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीने आखून घेतला की झालं.

प्रेषक: संकेतस्थळ समिती

चित्रांचं एकदा लिहून टाकतो, म्हणजे तो विषय मिटेल. ती कोणी पुसली नाहीत. चित्रं काढणाऱ्या ताईंनी ती स्वतःच्या खात्यातून सामायिक फोल्डरात टाकली होती. फोल्डर सगळ्यांचा असला तरी आतल्या फाइलीची मालकी टाकणाऱ्याचीच राहते. पुढे त्यांनी ते जुनं खातं बंद केलं आणि खात्याबरोबर फायलीही गेल्या. त्यांची चूक नाही, आपण कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

खजिनदार साहेब, क्लाउड हवाच, पण तो तुम्ही म्हणता तसा पुरेसा नाही. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स क्लाउडला जोडले की दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते, इकडे चुकून शंभर ओळी उडवून सेव्ह केलं की तिकडेही उडतात. गूगल ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते. अंकाचं काम सहा महिने चालतं, लेख गायब झाल्याचं दोन महिन्यांनी लक्षात आलं तर काय करणार? आरशातली प्रत म्हणजे राखीव प्रत नव्हे.

आणि क्लाउड म्हणजे शेवटी कुठल्यातरी इमारतीतले संगणकच. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गचं ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत पूर्ण जळालं. ज्यांचं काम आणि राखीव प्रत दोन्ही त्याच आवारात होतं, त्यांचं सगळंच गेलं. मायस्पेस या संकेतस्थळाने २०१९ मध्ये सांगितलं की सर्व्हर हलवताना लोकांनी तीन वर्षांहून आधी चढवलेली गाणी गेली. तिथेच एकमेव प्रत ठेवलेल्या वादकांचं काय झालं असेल, विचार करा.

प्रेषक: खजिनदार

मान्य. पण मग माझे हिशेबही धोक्यात आहेत असं म्हणायचंय का? मी तर घरी काहीच ठेवत नाही.

प्रेषक: संकेतस्थळ समिती

हो, तेच म्हणतोय. एकच प्रत आहे, एकाच जागी.

प्रेषक: माजी सचिव

सर्वांना नमस्कार.

पासवर्ड मी दडवून ठेवला आहे असा सूर निघतो आहे, म्हणून लिहितो. ते खातं मी उघडलं तेव्हा मंडळात ईमेल वापरणारे चौघे होतो. माझ्या नावावर, माझ्या फोन क्रमांकावर आहे, कारण दुसरा कोणी पुढे आला नाही. कार्यकाळ संपताना मी नव्या समितीला दोनदा विचारलं. त्यात पंधरा वर्षांचे कार्यक्रमांचे फोटो आहेत, गेलेल्या सभासदांचे आहेत. ते मला जपून ठेवावेसे वाटतात, एवढंच.

मी स्वतः ते बरेच दिवसांत उघडलेलं नाही. खजिनदार रोज वापरतात असं समजत होतो.

प्रेषक: खजिनदार

काका, मी माझ्या स्वतःच्या खात्यातून सामायिक फोल्डर वापरतो. त्या खात्यात कधीच शिरलो नाही.

प्रेषक: संकेतस्थळ समिती

काका, कृपया आजच उघडा. दोन वर्षं कोणीच न वापरलेलं वैयक्तिक खातं आतल्या फोटोंसकट काढून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं आहे. फोल्डर इतरांनी वापरला म्हणजे खातं वापरलं असं धरू नका. तुमच्यावर कोणाचाच राग नाही. तुम्ही सांभाळलंत म्हणून ते फोटो आहेत.

प्रेषक: युवा विभाग

मध्येच विचारते. फायलींची नावं देवनागरीत ठेवायची की नाही? मागे मी ‘झिप’ करून, म्हणजे एका फाइलीत बांधून, पाठवलेले लेख मांडणीवाल्यांकडे चौकोन आणि चिन्हं होऊन उघडले.

प्रेषक: ग्रंथालय विभाग

ठेवायचीच. मराठी अंकाच्या फायलींना मराठी नावं नसतील तर कुठे असतील?

प्रेषक: संकेतस्थळ समिती

वहिनींशी सहमत, फक्त नाव आटोपशीर असू द्या. बऱ्याच यंत्रणांत नावाला २५५ बाइटची (बाइट म्हणजे साठवणीचं माप) मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हं. ‘कवितांचा विभाग दुरुस्त अंतिम पुन्हा तपासलेला नक्की शेवटचा’ यात बरीचशी संपतात. वर्ष, महिना, दिवस आधी आणि मग नाव, म्हणजे यादीत आपोआप क्रमाने लागतात आणि ‘अंतिम’ कुठली यावर भांडण होत नाही. झिपचा घोळ जुन्या प्रोग्रॅमचा आहे, नवीन वापरला की अक्षरं नीट येतात.

प्रेषक: माजी सचिव

उघडलं. तीन तास लागले. फोन क्रमांक जुना होता, पण फोन हाताशी नसला तर आत शिरण्यासाठी पूर्वी कागदावर लिहून ठेवलेले आठ-आठ आकड्यांचे संकेत टेबलाच्या खणात सापडले, त्यातल्या एकाने काम झालं. फोटो सगळे आहेत. शनिवारी माझ्याकडे या, खातं समितीच्या नावावर करून देतो. ते संकेतही दोन कागदांवर लिहून दोन घरी ठेवू.

प्रेषक: अंक समिती, संपादन

काका, शनिवारी येते. मी रागाने लिहिलं त्याबद्दल माफ करा.

अंकापुरतं असं करते. काम माझ्या डॉक्युमेंट्समध्येच करीन, मेलमधून काही थेट उघडणार नाही, आलेलं आधी जतन आणि मग क्लिक. रोज रात्री एक प्रत मंडळाच्या खात्यात, समितीच्या मालकीने. दर गुरुवारी एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क प्रत काढून झाली की लगेच वेगळी करून ग्रंथालयाच्या कपाटात. लावूनच ठेवली तर संगणकाला लागलेली कीड तिलाही लागेल, हे दादांनी फोनवर सांगितलं. खंडणी मागणारे व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद करतात म्हणे, २०१७ च्या वॉनाक्राय नावाच्या व्हायरसच्या हल्ल्यात असंच झालं होतं.

वहिनी, कपाटाची किल्ली तुमच्याकडे असते ना? एक काम कराल का, शुक्रवारी सकाळी डिस्क तुमच्या संगणकाला लावून कविता विभाग उघडून बघा. नुसतं नाव दिसतं का ते नको, शेवटच्या पानापर्यंत जा. शेवटची कविता पूर्ण आहे का ते मला कळवा, मग मी मांडणीला पाठवते.

प्रेषक: ग्रंथालय विभाग

उघडून बघते. शेवटच्या ओळीपर्यंत.