मदत हवी आहे: भोपळा व्हॅम्पायर आहे, पण त्याला कोणी भीतच नाही (ब्लेंडर)

नमस्कार मंडळी,

मित्रासोबत ब्लेंडर या 3D सॉफ्टवेअरमध्ये चारेक मिनिटांची हॉरर-कॉमेडी अ‍ॅनिमेशन फिल्म करतोय. व्हॅम्पायरची आहे, पण झगा, सुळे, किल्ला यातलं काही नाही. आमचा व्हॅम्पायर म्हणजे लाल भोपळा.

कल्पना आमची नाही. आग्नेय युरोपातल्या कोसोवो भागातल्या रोमा (जिप्सी) लोकांची ही जुनी समजूत, तातोमिर वुकानोविच या अभ्यासकाने नोंदवून ठेवलेली. भोपळा किंवा कलिंगड 10 दिवसांहून जास्त किंवा नाताळ उलटल्यावरही घरात राहिलं, की ते झपाटतं. सालीवर रक्ताचा ठिपका उमटतो आणि रात्री 'ब्रर्ल ब्रर्ल' करत ते घरात, गोठ्यात हिंडतं. दात नसल्यामुळे लोक फारसे घाबरत नसत! उपाय: उकळत्या पाण्यात टाकायचं, झाडूने घासायचं, फेकून द्यायचं आणि झाडू जाळायचा. (झाडूचा काय गुन्हा, देव जाणे. आमचा शेवटचा सीन त्याच्यावरच आहे.)

अडचण 1: भोपळा आपटला की चेपला जायला हवा. पण त्यासाठी स्केल (उंची-रुंदीचं प्रमाण) बदलला की घरंगळताना चेपलेली बाजूही भोपळ्याबरोबर फिरते, पाव गिरकीत तो उभट दिसतो.

अडचण 2: आपल्याकडे भोपळा घरंगळला की म्हातारी आणि 'टुणूक टुणूक'च आठवतं. टेस्ट बघणारा पहिल्या सेकंदाला हसतो. हसू हवंय, पण नंतर. चेहरा कोरायचा नाही, ते हॅलोविन होतं.

प्रतिसाद:
दोन एम्प्टी (रेंडरमध्ये न दिसणारे, नुसते दुसऱ्या वस्तू हलवायला वापरायचे ऑब्जेक्ट) घ्या. बाहेरचा जमिनीला टेकलेला: त्याच्यावर फक्त सरकणं आणि स्केल. आतला भोपळ्याच्या मध्यावर, बाहेरच्याला पॅरेंट केलेला (म्हणजे बाहेरचा हलला की हाही हलेल असा जोडलेला): त्याच्यावर फक्त फिरणं. भोपळा आतल्याला जोडा. त्रिज्या 20 सेंमी असेल तर एका गिरकीत साधारण 126 सेंमी पुढे जाऊ द्या, नाहीतर घसरल्यासारखा वाटेल.

भीतीचं म्हणाल तर पहिल्या मिनिटात घरंगळताना दाखवूच नका. रात्री देठ भिंतीकडे, सकाळी दाराकडे. दुसऱ्या रात्री नुसता आवाज, तोही शेजारच्या खोलीतून. बघणारा भोपळ्याकडे टक लावून बसला पाहिजे.

धागाकर्ता:
स्केल सुटला, लय भारी! देठाचं मित्राला लगेच कळवलं. आता उकळत्या पातेल्याची वाफ ईव्हीमध्ये (ब्लेंडरचं झटपट रेंडर करणारं इंजिन) व्हॉल्यूमने, म्हणजे खऱ्या धुरासारखी करू, की साध्या प्लेनवर (सपाट पृष्ठभागावर) चित्र लावून? माझा लॅपटॉप जुना आहे.