पाचटाच्या धुराने आईचा दमा बळावतोय, काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

गाव वाळवा तालुक्यातलं, चहूबाजूंनी ऊस. कारखाने सुरू झाले की फड तुटतो आणि पाठोपाठ पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटतं. तेही दिवस मावळताना, कारण वारा पडल्याशिवाय पेटवलं तर शेजारचा उभा ऊस जायची भीती. पण थंडीत त्याच वेळी जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार थर बसतो आणि धूर रात्रभर गावावरच साचून राहतो. सकाळी दुचाकीच्या सीटवर बोट फिरवलं तर काळंकुट्ट.

आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार; घरात आम्ही त्याला दमाच म्हणतो. बिडी-तंबाखू कधी नाही, जन्म चुलीपुढे गेला. घरात गॅस आहे, चिपाडं-तुराट्यांचा बंब काढून सोलर बसवलाय. पण बाहेरून येणाऱ्या धुराचं काय? श्वासातून औषध घ्यायचा पंप (इन्हेलर) चालू आहेच. एन-९५ मास्कने जीव गुदमरतो म्हणते. कौलारू घरात एअर प्युरिफायरचा उपयोग होतो का? कुणी वापरलाय?

दुसरं, शेजारचं रान चुलत्यांचं. ते म्हणतात, "पाचट ठेवलं की पाणी पुढं सरकत नाही, उंदीर होतात, खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) नीट फुटत नाही." मी एकरी तीन-चार टन पाचट निघतं, तेवढं खत जळतंय वगैरे सांगून पाहिलं. मान डोलावतात आणि काडी लावतात. तक्रार करा असं कृपया सुचवू नका, बांधाला बांध आहे, उद्या पाण्याची पाळी त्यांच्याकडूनच घ्यायची आहे. ज्यांनी खोडव्यात पाचट ठेवलंय त्यांनी पाण्याचं कसं जमवलं ते सांगा.

प्रतिसाद १
पाणी अडतं ते पाचट अख्खं टाकल्यामुळे. कुट्टी करा. मशीन मिळालं नाही तर एक सरी सोडून एका सरीत पाचट दाबा, मोकळ्या सरीतून पाणी द्या. बुडखे कोयत्याने जमिनीलगत छाटा, फूट तिथूनच जोमदार येते. पाचटावर एकरी ५० किलो युरिया, ५० किलो सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मिसळून ४ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन टाका. चुलत्यांना सांगू नका, त्यांच्या बांधालगतच्या चार सऱ्या आपल्या रानात करून दाखवा. कुट्टी मशीनसाठी कारखान्याच्या शेतकी खात्यात विचारा.

प्रतिसाद २
कौलांच्या फटीतून धूर येत राहिला तर प्युरिफायर फुकट. आईची एकच खोली निवडा, वर छत मारा, दाराखालची फट बुजवा, मगच हेपा (बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरवालं घ्या. खिडक्या दिवस मावळायच्या आधी लावा, उन्हं वर येऊन धुरकं विरल्यावर उघडा. पदराने बारीक कण अडत नाहीत. आणि पंप वाढवायचा का, ते डॉक्टरांना विचारूनच.

धागाकर्ता
छताचं डोक्यातच आलं नव्हतं. कौलांखाली थर्माकोल चालेल का, की पीव्हीसी? खर्चाचा अंदाज असेल तर तोही लिहा.