संवेदनशीलता वाढते, पण फुकट नाही
प्रकाशावर चालणाऱ्या जायरोस्कोपमध्ये (फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण) ग्रुप इंडेक्स, म्हणजे प्रकाशाचा स्पंद माध्यमात किती मंदावतो याचा आकडा, शून्याजवळ नेला की फिरताना रेझोनन्स (ज्या वारंवारितेला आरशांमधला प्रकाश जोर धरतो ती) कैक पट सरकतो, म्हणून संवेदनशीलताही तितकीच वाढते, हे गणित अर्धंच आहे. साध्या पॅसिव्ह कॅव्हिटीत (आरशांमधली पोकळी, जी स्वतः लेझर नसते) रेझोनन्सची रुंदीही जवळपास तेवढीच फुगते, मग हाती काय लागलं? म्हणून तर अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या शहरियार यांचा गट रिंग लेझरकडे (बंद वळशात प्रकाश फिरवणारा लेझर) वळला; लेझरची रेषा, म्हणजे त्याच्या वारंवारितेचा पट्टा, मुळातच अरुंद.

दुसरी भानगड तापमानाची. ऐरोलीच्या लॅबमध्ये आम्ही रुबिडियमची वाफ भरलेल्या काचनळीतून 780 नॅनोमीटरचा लेझर सोडायचो. हीटर जरा वाढवला की ऑसिलोस्कोपवरचा शोषणाचा खड्डा खोल व्हायचा, आणि ग्रुप इंडेक्स खाली आणणारं उलटं डिस्पर्शन (वारंवारिता वाढली की अपवर्तनांक घटणं) त्या खड्ड्यातच असतं. नळीवर एसीचा झोत आला तरी (आणि तिथल्या उकाड्यात एसी बंद कोण करणार!) खड्डा बदलायचा. जायरोस्कोपमध्ये असं झालं तर स्केल फॅक्टरच (फिरण्याचा वेग आणि उपकरणाचा आकडा यांचं गुणोत्तर) हलला समजा.