पाणविंचू म्हणायचं की नाही?

खानापूरहून: भाताची लावण सुरू झाली की शेतातल्या पाण्यात एक चपटा काळपट किडा दिसतो बघा, मागं लांब काटा, पुढं आकड्यासारखे दोन पाय. आमच्यात त्याला पाणविंचू म्हणतात. आता भाचीच्या शाळेतल्या मॅडम म्हणालेत हा विंचूच नव्हे, असलं नाव प्रोजेक्टमध्ये लिहू नका. मग काय लिहायचं सांगा की.

बेळगावहून: ताई, विंचू नव्हे हे मॅडमचं बरोबर आहे. विंचवाला आठ पाय, तो कोळ्याच्या गोतातला, याला सहा पाय आणि हा ढेकणाच्या गोतातला. मागचा काटा म्हणजे नांगी नव्हेच, श्वासाची नळी आहे, दोन पन्हळी समोरासमोर जुळवाव्यात तशी झालेली, तिचं टोक पाण्यावर काढून हा डोकं खाली करून टपून बसतो आणि बेडूकमासा जवळ आला की पुढच्या पायांनी पकडतो. हातात धरला तर डसतो, पण तोंडाच्या सोंडेनं, हे पोरांना आधी सांगा.

पण म्हणून नाव चूक कसं? लिनीअस या शास्त्रज्ञानं १७५८ मध्ये युरोपातल्या पाणविंचवाला नेपा सिनेरिया नाव दिलं, आणि लॅटिनमध्ये नेपा म्हणजे विंचूच! आपल्याकडं 'पाण' लावलं की नातं ठरत नाही, पाण्यातला आणि तसा दिसणारा एवढाच अर्थ. पाणमांजर कुठं मांजर आहे? त्याच जनावराला कन्नडमध्ये नीरुनायी म्हणतात, म्हणजे पाण्यातला कुत्रा, आणि ते कुत्रंबी नव्हे. पाणविंचू शब्द आहे तसाच ठेवा, मला तो फार नेमका वाटतो.

निपाणीहून: आणि तो काडीसारखा बारीक असतो त्याला काय? आमच्याकडं त्यालाबी पाणविंचूच म्हणतात.

बेळगावहून: अण्णा, म्हणू देत, कुळ एकच आहे, नेपिडी. पण चपटा तो लॅकोट्रेफिस आणि काडीसारखा तो रानात्रा, या दोन वेगळ्या प्रजाती, आणि प्रत्येकीत अनेक जाती. हल्ली पेपरात जातीलाच प्रजाती लिहितात त्यामुळं सगळा घोळ होतो, जीवशास्त्राच्या मराठीत प्रजाती वरची, जाती खालची. म्हणून पाणविंचू हे कुळाचं नाव धरा, खाली चपटा पाणविंचू, काडी पाणविंचू असं लिहा.

खानापूरहून: आणि पाठीवर अंडी घेऊन फिरतो तो?

बेळगावहून: तो पाणविंचू नव्हे ताई, त्याचं कुळच वेगळं, बेलोस्टोमॅटिडी. अंडी वागवतो तो नर असतो, मादी त्याच्या पाठीवर चिकटवून जाते. त्याला पाणढेकूण लिहा, नळी आखूड असते त्यावरून ओळखता येईल.